पाच ओळींचा कागद

तो बोलतो फार थोडं. डाव्या बाजूला पाच नावं, मधे पाच आकडे, उजव्या बाजूला मर्यादा. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला असेल तर तेवढा ठळक छापलेला. सल्ला नाही, दटावणी नाही, कौतुकही नाही. खाली पॅथॉलॉजिस्टची सही आणि डॉक्टरांना दाखवा अशा अर्थाची एक बारीक ओळ. रक्तातल्या चरबीचा हिशेब मांडणाऱ्या या कागदाला लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल म्हणतात, घरी ‘कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट’. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या घरी तो कुठेतरी असतोच. जुना असेल तर प्लास्टिकच्या फाइलमध्ये, एक्स-रेच्या पाकिटाला चिकटून. नवा असेल तर मोबाइलमध्ये, लग्नपत्रिका आणि सणांच्या शुभेच्छांखाली दबलेला.

मला या कागदाबद्दल मनापासून आदर वाटतो, आणि त्याच्याकडे पाहून वाईटही वाटतं. आदर यासाठी, की आपल्या ताटाबद्दल इतकं खरं बोलणारं दुसरं काही घरात नसतं. वाईट यासाठी, की त्याचं बोलणं शेवटपर्यंत कुणी ऐकून घेत नाही. कागद हातात आला की नजर पहिल्या ओळीवर जाते. “टोटल किती? एकशे शहाण्णव? दोनशेच्या आत आहे ना, मग झालं!” आणि कागदाची घडी होते. किंवा “दोनशे तीस! उद्यापासून तेल-तूप बंद.” तरीही घडीच होते. उरलेल्या चार ओळींना जे सांगायचं असतं ते पाकिटातच राहतं.

त्याचा जन्म सकाळी होतो. रात्रीचं जेवण लवकर उरकून, नऊ ते बारा तास पाण्याशिवाय काही न घेता माणूस लॅबच्या बाकावर येऊन बसतो. दंडाला पट्टा आवळतात, शीर शोधतात, नळी भरते. रक्त गोठलं की ती नळी यंत्रात वेगाने फिरवतात. लाल पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळा, स्वच्छ द्रव उरतो, तो सीरम. जाणत्या तंत्रज्ञाला पुष्कळसं इथेच कळतं, कारण एखाद्या नळीतला सीरम स्वच्छ नसतो, दुधट असतो. ट्रायग्लिसराइड नावाची चरबी फार वाढली की रक्ताचा वरचा थर असा गढूळ, पांढरट दिसतो. मग त्या सीरमच्या थेंबात विकरं मिसळतात. त्यातून गुलाबी रंग उमटतो आणि तो किती गडद आहे हे यंत्र मोजतं. कागदावर काळ्या शाईत येणारा आकडा मुळात गुलाबी असतो. २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही असं जाहीर केलं, पण आपल्याकडच्या बहुतेक लॅब अजून उपाशीपोटीच बोलावतात. ट्रायग्लिसराइडच्या ओळीपुरतं ते बरंही आहे. जेवण झाल्यावर ती ओळ काही तास चढलेली असते.

या कागदाचं घराणं समजून घ्यायचं तर कॅलिफोर्नियात बर्कलीला जावं लागतं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही आणि रक्तात बहुतांश पाणी. म्हणून शरीर ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधून कणांच्या रूपाने फिरवतं. हे कण किती प्रकारचे आहेत हे नीट दाखवलं जॉन गॉफमन यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा माणूस युरेनियम आणि प्लुटोनियमवर काम करत होता. युद्ध संपल्यावर त्याने प्रचंड वेगाने फिरणारं सेंट्रिफ्यूज रक्ताकडे वळवलं. हलके कण वर तरंगले, जड खाली गेले, आणि १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कामातून ‘रक्तातलं कोलेस्टेरॉल’ ही एकच गोष्ट नाही हे दिसलं. पुढच्या काही वर्षांत त्याने आणखी महत्त्वाचं काही पाहिलं. यातला एक गट आहारातल्या प्राणिज चरबीने वाढतो आणि दुसरा गट पिष्टमय पदार्थांनी. आपला पाच ओळींचा कागद या निरीक्षणाचा वंशज आहे. एका ओळीवर तुपाचा हात फिरतो, दुसरीवर भाताचा आणि साखरेचा. सत्तर वर्षं होत आली, तरी आपल्या घरांत हे पोचलेलं नाही, आणि माझी खंत तीच आहे.

आता एक कागद समोर ठेवतो. आकडे मी बसवलेले आहेत, पण असा कागद तुम्ही नक्की पाहिलेला असेल. एकूण कोलेस्टेरॉल १९६. ट्रायग्लिसराइड २१०. एचडीएल ३४. व्हीएलडीएल ४२. एलडीएल १२०. एकक सगळ्यांचं मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर. एचडीएल, व्हीएलडीएल आणि एलडीएल ही रक्तात फिरणाऱ्या त्या कणांचीच नावं. पहिली ओळ वाचणारा माणूस इथे निर्धास्त होतो, कारण मर्यादा २०० आहे. पण ट्रायग्लिसराइड १५०च्या आत हवं होतं. एचडीएल पुरुषाला किमान ४० आणि बाईला ५० हवं होतं. म्हणजे या माणसाच्या रक्तातलं बिघडलेलं सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत आहे, आणि पहिली ओळ शांत आहे.

या कागदाची एक खासियत फार थोड्यांना ठाऊक असते. पाचव्या ओळीतलं एलडीएल, ज्याच्या नावाने गोळी लिहिली जाते, ते पुष्कळ ठिकाणी मोजलेलंच नसतं. ते वजाबाकीने येतं. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागलं की व्हीएलडीएल मिळतं, २१०चे ४२. मग एकूणातून एचडीएल आणि व्हीएलडीएल वजा करायचं, १९६मधून ३४ आणि ४२ गेले, उरले १२०. हे सूत्र अमेरिकेतल्या विल्यम फ्रीडवॉल्ड यांनी लेव्ही आणि फ्रेडरिकसन या सहकाऱ्यांबरोबर १९७२ साली मांडलं. महागड्या सेंट्रिफ्यूजशिवाय, कुठल्याही गावातल्या लॅबला एलडीएल सांगता यावं म्हणून. सूत्र सोपं आहे आणि त्याने जगभर उपकारच केले. पण ट्रायग्लिसराइड चढत गेलं की ते डळमळतं, आणि ४००च्या वर गेलं की मोडतंच. मग कागद एलडीएलच्या जागी आकडा छापत नाही, काढता येत नाही असं लिहितो. त्याचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. जे कळत नाही तिथे तो गप्प राहतो.

एलडीएलच्या ओळीवर कोण लिहितं? सगळ्यांत आधी संपृक्त चरबी. साजूक तूप, लोणी, साय, मटणाची चरबी, खोबरेल तेल, पामतेल. मिनेसोटाचे अँसेल कीज आणि हार्वर्डचे मार्क हेगस्टेड यांनी माणसांना आठवडेच्या आठवडे मोजूनमापून जेवू घालून हे १९५० आणि ६०च्या दशकांत दाखवलं. संपृक्त चरबी रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवते, आणि करडई-सूर्यफुलासारख्या तेलातली बहुअसंपृक्त चरबी ते उतरवते. चढवणाऱ्याचं बळ उतरवणाऱ्याच्या साधारण दुप्पट. असं का होतं, याचं उत्तर नंतर मिळालं. डॅलसच्या जोसेफ गोल्डस्टाइन आणि मायकेल ब्राउन यांना १९८५चं नोबेल मिळालं ते पेशींवरचे एलडीएल पकडून आत घेणारे ग्राहक शोधल्याबद्दल. संपृक्त चरबीचा मारा वाढला की यकृतावरचे हे ग्राहक कमी काम करतात, एलडीएल रक्तातच रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं एलडीएल रोहिणीच्या भिंतीत शिरतं.

कोकणातल्या वाचकाला खोबरेल तेलाचं नाव इथे पाहून राग येईल. तो राग मला समजतो, कारण नारळाशिवाय तिकडचं स्वयंपाकघर उभं राहत नाही. पण तेलाचा पुरावा स्पष्ट आहे. इतर वनस्पती तेलांशी तुलना करणाऱ्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात खोबरेल तेलाने एलडीएल सुमारे १०ने चढलं. एचडीएलही चढलं, पण जेमतेम ४ने. आमटीत वाटून घातलेलं ओलं खोबरं वेगळं, त्यात तंतू असतात, आणि ते भाजी-मासळीबरोबर पोटात जातं. रोजची फोडणी, तळण आणि परतणं सगळं खोबरेल तेलातच असेल तर मात्र पाचवी ओळ ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

संपृक्त चरबीपेक्षाही वाईट अक्षर ट्रान्स फॅटचं. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट केलं की वनस्पती तूप तयार होतं. १९३७ साली डालडाचा डबा आला आणि महागड्या साजूक तुपाची जागा घेणारा म्हणून लग्नाच्या पंगतीपासून हलवायाच्या कढईपर्यंत सगळीकडे पोचला. १९९० साली नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं की ट्रान्स फॅट एकाच वेळी एलडीएल चढवतं आणि एचडीएल पाडतं. दोन्ही ओळी एकदम बिघडवणारं आहारात दुसरं क्वचितच काही असेल. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२पासून तेल आणि वनस्पती तुपातली मर्यादा २ टक्क्यांवर आणली. हा निर्णय मला अलीकडच्या सार्वजनिक आरोग्यातला मोठा वाटतो. तरीही ज्या घरात ‘तूप बंद’ झालेलं असतं, त्या घरात सकाळच्या चहाबरोबर खारी आणि टोस्ट चालूच असतात. खारीचे ते पापुद्रे घट्ट चरबीशिवाय सुटत नाहीत, आणि खाली मैदा असतो. वरणावरची तुपाची धार थांबली आणि बशीतली खारी राहिली, तर कागदाकडून काय अपेक्षा करायची?

ज्यांच्यावर सगळ्यांत आधी आळ येतो ती अंडी आणि कोळंबी या कागदावर फारसं लिहीत नाहीत. मोठ्या अंड्यात १८६ मिलीग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण शरीराला लागणारं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवतं आणि बाहेरून जास्त आलं की बहुतेकांचं शरीर आपलं बनवणं कमी करतं. काही माणसांत ते तितकं कमी होत नाही, म्हणून मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी अंड्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठेवावं. पण दिवसाला ३०० मिलीग्रॅम ही अमेरिकेची जुनी मर्यादा त्यांच्याच मार्गदर्शक सूचनांतून २०१५च्या आवृत्तीत गळली. कोळंबीची तर थेट परीक्षा झाली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाच्या १९९६च्या अभ्यासात लोकांना रोज ३०० ग्रॅम कोळंबी खायला दिली. एलडीएल ७ टक्क्यांच्या आसपास चढलं, एचडीएल १२ टक्क्यांच्या आसपास चढलं आणि ट्रायग्लिसराइड उतरलं. कोळंबीत कोलेस्टेरॉल भरपूर आहे, पण संपृक्त चरबी जवळजवळ नाही. कोळंबीच्या कालवणाला घाबरून नुसत्या भाताचा ढीग खाणाऱ्या माणसाने या निकालावर विचार करावा.

तो ढीग आपल्याला दुसऱ्या ओळीवर, ट्रायग्लिसराइडवर आणतो. मराठी माणसाच्या कागदात खरी गोष्ट मला बहुतेक वेळा इथेच सापडते. नाव ऐकून वाटतं की ही ओळ तेलातुपाने वाढत असेल, कारण ट्रायग्लिसराइड म्हणजे चरबीच. जेवल्यानंतरचे काही तास ते खरंही असतं. पण सकाळी उपाशीपोटी रक्तात जे ट्रायग्लिसराइड सापडतं ते बहुतांश यकृताने घडवून बाहेर पाठवलेलं असतं. यकृत ते कशातून घडवतं? भात, मैदा, साबुदाणा, साखर, सरबत यांतून येणारी, शरीराला लगेच न लागणारी साखर हा त्यातला एक कच्चा माल. शिवाय साखरेबरोबर वाढणारं इन्सुलिन यकृताला चरबी जाळू देत नाही, बांधायला लावतं. दारूनेही ही ओळ चढते. रॉकफेलरचेच एडवर्ड आरेन्स यांनी १९६१ साली पिष्टमय आहाराने होणारी रक्तातली ही चरबीवाढ नोंदवली आणि चरबीमुळे होणाऱ्या वाढीपासून ती वेगळी काढली. म्हणजे गॉफमन आणि आरेन्स, दोघांनीही सांगून झालं होतं. त्यानंतरच्या दशकांत ‘कमी चरबी’ची हाकाटी इतकी मोठी झाली की ही गोष्ट मागे पडली.

ट्रायग्लिसराइड चढलं की एचडीएल पडतं. या दोन ओळी जवळजवळ नेहमी उलट दिशांना जातात, त्याचं कारण रक्तात चालणारी एक अदलाबदल. शेजारणी जशी वाटीभर साखर देतात आणि वाटीभर पीठ घेऊन जातात, तसं ट्रायग्लिसराइडने फुगलेला व्हीएलडीएलचा कण आपलं थोडं ट्रायग्लिसराइड एचडीएलच्या आणि एलडीएलच्या पदरात घालतो आणि त्यांच्याकडचं कोलेस्टेरॉल घेऊन जातो. हा व्यवहार करणारं एक प्रथिनही असतं. असं ट्रायग्लिसराइड घेतलेला एचडीएलचा कण नंतर लहान होतो आणि रक्तातून लवकर निघून जातो, म्हणून तिसरी ओळ खाली येते. एलडीएलचा कणही लहान आणि घट्ट होतो. पाचव्या ओळीतले १२० तेवढेच दिसतात, पण ते आता जास्त संख्येच्या, लहान कणांत वाटलेले असतात, आणि रोहिणीच्या भिंतीला कणांची संख्याच भोवते. कागद कण मोजत नाही. पण दुसरी ओळ वर आणि तिसरी खाली दिसली की त्याला काय म्हणायचंय ते जाणत्या डॉक्टरला समजतं.

आणि हे आपल्या मातीत फार आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंडियाब पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथल्या प्रौढांचं रक्त तपासलं गेलं, त्याचे आकडे २०१४ साली आले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले १३.९ टक्के. ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के. एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. म्हणजे ज्या ओळीची आपण सगळ्यांत जास्त धास्ती घेतो ती या तिन्हींत सगळ्यांत कमी लोकांत बिघडलेली, आणि जी कुणी वाचत नाही ती चारांतल्या जवळपास तिघांत. याच पाहणीच्या नंतरच्या टप्प्यांत भारतीयांच्या ताटातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं दिसलं, आणि त्यात पांढरा तांदूळ, दळून चाळलेली धान्यं आणि साखर यांचा वाटा मोठा आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मला अस्वस्थ वाटतं. एचडीएल पाडणारी इतरही कारणं आहेत, बैठं काम, पोटाचा घेर, वंश. पण ताटातलं कारण रोज दोनदा आपल्या हाताने वाढलं जातं.

“मी तर बारीक आहे, मला काय होणार?” असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो पाहावा. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक २२.३, अगदी एकसारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या शरीरांत चरबी आत, पोटात आणि यकृतात दडलेली असते, आणि असं यकृत भाताचं ट्रायग्लिसराइड करायला तयारच बसलेलं असतं. वजनकाटा या माणसाला काही सांगत नाही. कागद सांगतो.

त्याचं बोलणं मी एकाच गोष्टीवर आणून ठेवीन. तुम्ही काय सोडलं ते या कागदाला दिसत नाही, त्या जागी काय आलं ते दिसतं. तूप सोडलं आणि त्या जागी शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल माफक आलं, तर एलडीएल उतरतं आणि बाकीच्या ओळींना धक्का लागत नाही. तूप सोडलं आणि त्या जागी एक मूद भात, दोन पोळ्या, चार मारी बिस्किटं आली, तर एलडीएल थोडं उतरतं, पण ट्रायग्लिसराइड चढतं आणि एचडीएल पडतं. तीन महिन्यांनी तो माणूस नवा कागद घेऊन येतो आणि हताश होऊन म्हणतो, “डॉक्टर, मी तर तेल-तूप शिवत नाही!” तो खरंच बोलत असतो. त्याच्या पथ्यात चूक एवढीच, की पोट कशाने भरायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बिनतेलाची भाजी बेचव लागते, ती पोळीबरोबर कमी आणि पोळी तिच्याबरोबर जास्त खाल्ली जाते. एकादशीच्या दिवशी ‘आज उपास आहे, हलकंच खाल्लंय’ म्हणत साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यालाही हेच लागू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या ताटलीत यकृताचा मित्र एकच असतो, शेंगदाण्याचं कूट.

पोट कशाने भरायचं, याचं उत्तर आपल्याकडे महाग नाही. मटकी, चवळी, हुलगे, हरभरे यांच्यातले विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतात आणि बाहेर नेतात. नवीन पित्ताम्लं बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, यकृत ते रक्तातून ओढतं, आणि एलडीएल खाली येतं. इसबगोल याच वाटेने काम करतो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने १९९८ साली त्याच्या तंतूंबद्दल हृदयासाठी हितकर असा दावा करायला परवानगी दिली. गुजरात-राजस्थानच्या शेतांतून जगभर जाणारा हा इसबगोल आपण मात्र बद्धकोष्ठतेपलीकडे विचारात घेत नाही. जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, बांगडा-तारली, ज्वारीच्या भाकरीबरोबर वाटीभर उसळ आणि ती भाकरी एकने कमी. नेहमीच्या जेवणातली ही उलटापालट सहज जमते, फक्त घरातल्या सगळ्यांनी एकदम करायची असते. एकट्या ‘पेशंट’साठी वेगळं शिजवायला लागलं की ती आठवडाभरही टिकत नाही.

काही कागदांपुढे स्वयंपाकघर हरतं, हेही सांगायला हवं. काही घराण्यांत एलडीएलचे ग्राहक जन्मतःच अपुरे असतात, सुमारे अडीचशे माणसांत एकाचे. तिथे पाचवी ओळ १९० किंवा त्याहून वर असते, घरात कुणाला तरी तरुणपणी झटका आलेला असतो, आणि कितीही उसळ खाल्ली तरी आकडा पुरेसा हलत नाही. अशांना गोळी लागतेच. त्या गोळीचं मूळ जपानमध्ये आहे. अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो सूक्ष्मजीव तपासले. क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या बुरशीत त्यांना यकृताचं कोलेस्टेरॉल बनवणं रोखणारं द्रव्य मिळालं. स्टॅटिन औषधांची सगळी रांग तिथून सुरू झाली. ज्यांना डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्यांनी ‘आता पथ्य करतो’ म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. आणि गोळी चालू आहे म्हणून ताट सैल सोडू नये. ट्रायग्लिसराइडच्या ओळीवर स्टॅटिनचा जोर तितका चालत नाही.

या कागदाचा स्वभाव ओळीओळीत वेगळा आहे. ट्रायग्लिसराइड चंचल आहे. लाडू-चकल्यांच्या चार दिवसांत किंवा एका ओल्या पार्टीत ते उसळतं आणि जेवण सुधारलं की थोड्या दिवसांत उतरतं. एलडीएल संथ आहे, त्याला नवं ताट कळायला काही आठवडे लागतात. म्हणून दिवाळीनंतरच्या सकाळी रक्त देऊन घाबरू नये आणि तपासणीच्या आधीचे दोन दिवस उकडलेलं खाऊन त्याला फसवायलाही जाऊ नये. एकाच कागदावर निकाल लावण्यापेक्षा त्याच लॅबचे जुने दोन-तीन कागद शेजारी ठेवून पाहावेत. परदेशातल्या नातेवाइकाचा आकडा ऐकून घोळ होतो तोही इथेच मिटवून टाकतो. लंडनला राहणारा भाचा “माझं ५.२ आलं” म्हणतो तेव्हा त्याचं वेगळ्या एककातलं एकूण कोलेस्टेरॉल आपल्या २००च्या आसपास असतं. ट्रायग्लिसराइडचे त्याचे १.७ म्हणजे आपले १५०.

शेवटी एक विनंती. आजूबाजूच्या घरांत मी पाहतो ते कागद बहुतेक पुरुषांचे असतात. नवऱ्याचा कागद येतो, त्यावरून घरातली फोडणी बदलते, आणि ती बदलणाऱ्या बाईचं रक्त कधीच कुणी तपासलेलं नसतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेला भात संपवणारी तीच असते. पाळी जाण्याच्या सुमाराला बाईचं एलडीएल वर सरकतं, आणि एचडीएलची तिची मर्यादा पुरुषाहून दहाने वरची आहे. पुढच्या वेळी लॅबमध्ये जाल तेव्हा तिलाही उपाशीपोटी बरोबर न्या, आणि तिचा कागद आला की त्यातल्या पाचही ओळी वाचा.